निंबावरची लंगडी आणि आरूच्या टाचा

११ डिसेंबर, बुधवार
आरूला प्लास्टर घातलं. दोन्ही पाय, पार मांडीपर्यंत. अडीच महिन्याची पोर, अंगापेक्षा पाय जड झाले. जळगावहून एस.टी.त बसले तर शेजारची बाई म्हणे, पडली का व पोर? म्हटलं नाही, जन्मापासून पाय आत वळलेले. ती सरकून बसली.
दवाखान्यातल्या प्लास्टरवाल्या मॅडमनी विचारलं, लिहिता येतं का. सातवी झाली म्हटलं. मग वही करा म्हणाल्या. रोज पायाची बोटं बघायची, गुलाबी पाहिजेत, गरम पाहिजेत, हलली पाहिजेत. लिहायचं, अन् दर बुधवारी वही आणायची.
ते पुढच्या पानावर लिहिते. बो.गु. म्हणजे बोटं गुलाबी. हे वहीच्या मागच्या बाजूनं लिहितेय. हे मॅडमला दाखवायचं नाही.

१२ डिसें.
बो.गु. सकाळी, दुपारी, चारला. तासातासाला बघते. डाव्या पायाची करंगळी निळी दिसली. पळत ओट्यावर उजेडात आणली. निळी नव्हती. माझ्या ओल्या ओढणीचा रंग लागला होता.
लंगडी वांदरी आज पण आली. निंबावर बसली होती, आमच्या पत्र्याकडे तोंड करून.

१३ डिसें.
लिहूनच टाकते.
आम्ही एरंडोलच्या अलीकडे नानांच्या केळीच्या बागेत राहतो. मी, आरूचे पप्पा, सासूबाई अन् आता आरू. आरूचे पप्पा बागेची राखण करतात. वांदरं येतात, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. केळफूल ओरबाडतात, कोवळे घड मोडतात. त्यांना हाकलायचं हेच काम. आखाडात त्यांनी गोफण फिरवली. रोज नुसता आवाज करतात, त्या दिवशी दगड सुटला अन् एका वांदरीच्या मागच्या पायावर बसला. ती ओरडली ते मी ओट्यावरून ऐकलं. माझं डोहाळजेवण त्याच आठवड्यात होतं. पोटात पोर होती.
आरू झाली तेव्हा सुईणबाईनं आधी पाय झाकले, मग मला दाखवलं.
सासूबाई म्हणे, "मारुतीनं वांदर शे ते. तेन्हा पायले लागनं, आपली पोरना पायले उनं." वांदराच्या पायाचं पोरीच्या पायावर आलं म्हणे. तेव्हापासून आरूचे पप्पा जेवताना खाली बघून जेवतात.

१४ डिसें., शनिवार
मनात बोलले. आरूचे पाय सरळ होईपर्यंत दर शनिवारी लंगडीला भाकर. कोणाला सांगितलं नाही. बागेच्या राखणदाराची बायको वांदराला खाऊ घालते हे सांगण्यासारखं आहे का.
आरूचे पप्पा बागेच्या त्या टोकाला गेले तशी ओट्याच्या कठड्यावर भाकर अन् मूठभर शेंगदाणे ठेवले. आरूला घेऊन आत कडी लावून बसले. फटीतून बघत होते.
आली. तीन पायावर. चौथा उचलून धरलेला. शेंगदाणे एकेक करून खाल्ले, भाकर घेऊन गेली.
बो.गु.

१८ डिसें., बुध.
दुसरं प्लास्टर. जुनं भिजवून काढलं तेव्हा पाय जरासा बाहेर आलेला दिसला का मला वाटला?
मॅडम आरूचा पाय हातात धरून म्हणाल्या, "आरूची आई, तुमच्याकडे वांदरं आहेत ना? त्यांचे तळवे बघा कधी. एकमेकांकडे वळलेले असतात, खोड दोन्ही बाजूंनी धरायला. तिचे तसेच झालेत. पण हिला झाडावर नाही चढायचं, जमिनीवर चालायचंय. आपल्याला टाच खाली आणायचीय, बस."
मॅडमला कोणी सांगितलं? कोणीच नाही. त्या सगळ्यांना असंच समजावत असतील.

२१ डिसें., शनि.
आज कडी लावली नाही. दारात बसले, आरू मांडीवर.
लंगडीचा हात बघितला. चार लांब बोटं, अंगठा अगदी बारका, नावालाच. पायाचा अंगठा मात्र मोठा, बाजूला फाकलेला. पाय नाहीच तो, हातच खाली लावलाय. मोडलेला पाय घोट्याजवळ जाड झालाय. टेकवते, पण कडेवर टेकवते. आरूचा पण तसाच टेकला असता, कडेवर.
ती शेंगदाणे खाते अन् मधेच माझ्याकडे बघून तोंड फिरवते. सारखं बघितलेलं त्यांना आवडत नाही वाटतं. मग मी पण दुसरीकडे बघते. दोघी दुसरीकडे बघत बसलो.

२९ डिसें.
लंगडी एकटी नाही येत आता. काल शनिवारी पाच आल्या अन् दोन मोठी पोरं. भाकर एक, ओढाओढ किती. मोठा हुप्प्या निंबावरून उतरला नाही, नुसते दात करकर वाजवत होता. मी आत पळाले.
सगळा डिसेंबर बो.गु. आहे.

८ जानेवारी, बुध.
पाचवं प्लास्टर.
बाकावर एक नवी बाई होती, पिंपळनेरची, माहेर जळगावातच मेहरूणला म्हणून इथं येते. तिच्या पोराचा एक पाय. ती रडत होती, ग्रहणात मी पाय मुडपून झोपले म्हणून असं झालं. मॅडम तिला म्हणाल्या, "अहो, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच पाय असा व्हायला लागतो पोटात. का होतो ते आम्हाला पण पुरतं माहीत नाही. कोणाचं पाप नाही त्यात. ग्रहण कितव्यात होतं तुमचं?" ती म्हणे आठव्यात. "मग?"
एस.टी.त बसल्यावर बोटावर मोजलं. आखाडात माझा सातवा होता. परत मोजलं. पाळधीचं स्टँड गेलं, तिसऱ्यांदा मोजलं. सातवाच.
दगड लागला तेव्हा आरूचे पाय आधीच वळलेले होते.
घरी आल्यावर आरूचे पप्पा हातपाय धूत होते, तिथंच सांगितलं. ते तांब्या हातात घेऊन उभेच राह्यले. मग म्हणे, "पन तिन्हा पाय त मीच मोडा ना."
ते खरंच आहे.

१५ जाने., बुध.
टाचेची शीर आखडलेली, तिला बारीक काप दिला. आरूचे पप्पा आले होते. भिंतीकडे तोंड करून उभे. मी दाराशी. आरू एकदाच ओरडली. मला ती वांदरी ओरडली ते आठवलं, मग नाही आठवायचं असं ठरवलं.
आता तीन आठवडे हेच प्लास्टर. रक्ताचा रुपयाएवढा डाग. मॅडम म्हणाल्या तेवढा चालतो. पेननं त्याच्या कडेनं गोल काढून दिला, बाहेर गेला तर या.

१६ जाने.
डाग गोलात आहे. बो.गु.

१७
गोलात.

२७ जाने., सोमवार
लंगडी व्याली! पोटाला चिकटलेलं दिसलं सकाळी. काळं-तपकिरी पिलू, तोंड मात्र आपल्यासारखं गुलाबी, कान गुलाबी. आईचं तोंड डांबरासारखं अन् पिलाचं असं. मोठं झालं की काळं होतं, सासूबाई म्हणे.
जन्मल्या जन्मल्या चारही हातांनी केस धरून लटकतं. लंगडी तीन पायावर उडी मारते, पिलू पडत नाही.
पुढचं बघून तर मी ओरडणारच होते. दुसरी वांदरी आली अन् पिलू ओढून घेऊन गेली. मग तिच्याकडून तिसरीनं घेतलं, उलटंच धरलं. पिलू किंचाळतंय. लंगडी डोळे मिटून बसलेली, शेपूट खाली सोडून. अर्धा तास तिचं पोर तिच्याजवळ नव्हतं. मी मोजत होते. ती नव्हती मोजत.
मी आरूला सासूबाईंकडे पण देत नाही. त्या म्हणतात तेल लावून चोळलं असतं तर कधीच सरळ झाले असते. मी आंघोळीला गेले अन् त्यांनी प्लास्टर भिजवलं तर. म्हणून आरू झोपली की आंघोळ करते, दार उघडं ठेवून.

१ फेब्रु., शनि.
नाना आले होते, बागेचे मालक. ओट्यासमोर उभे राहून आरूच्या पप्पांना बोलले. कोपऱ्यावरची केळफुलं सगळी गेली.
"गोकुळ, तू राखन करस का वांदरंना पाहुनचार?"
"नाना, मी त दिवसभर फिरस. यंदा कसाले इतला येतस ते समजत नही."
"इतला वरीस झायात, आठे कधी बसतंत का ते? आसंच चालनं त मी दुसरा मानूस देखसू. राग नको मानू, भाऊ."
मी आत परातीत पीठ घेऊन बसलेली. लंगडीच्या भाकरीचंच पीठ होतं. बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. पाय अजून सरळ व्हायचेत, नवस मधेच तोडू कसा.
नाना गेल्यावर भाकर ठेवलीच.

५ फेब्रु., बुध.
प्लास्टर निघालं. आरूचे पाय!! बारीक, साल निघालेले, पण तळवे खाली. मी तळव्याला गाल लावला.
आता बूट. छोटे बूट अन् मधे लोखंडी दांडी, दोन्ही पाय फाकून बाहेरच्या बाजूला. तीन महिने सारखे घालायचे, आंघोळीपुरते काढायचे. मग झोपताना, चार वर्षांची होईपर्यंत. मॅडम दोनदा म्हणाल्या, "बूट काढले तर पाय परत आत जातो. पोर रडते म्हणून आया काढतात. तुम्ही काढू नका."
मी नाही काढणार.

८ फेब्रु.
रडते. एक पाय हलवायला गेली की दुसरा पण हलतो, तिला समजत नाही कोणी धरलंय.

११ फेब्रु.
रडते. माझं दूध कमी झालं का. सासूबाई म्हणे, "बेडी घाली शे पोरले."

१३ फेब्रु.
अर्धा तास काढले. शांत झाली. हसली.

१४
दुपारभर काढले. पुढच्या पानावर काही लिहिलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कुठून लिहू.
सकाळपासून बूट काढलेले. आरू आत झोळीत झोपली. मी भाकर कठड्यावर ठेवली, हातात बूट होते ते पण तिथंच टेकवले अन् आरू कुरकुरली म्हणून आत वळले. एवढंच. बाहेर आले तर वाढीच्या वयाचं एक वांदर भाकर सोडून बूट घेऊन पळालं. दांडी तोंडात धरली, दोन उड्यांत निंबावर.
मी बोंब मारली. आरूचे पप्पा बागेतून धावत आले, गोफण हातात. त्यांना वाटलं पोरीला नेलं.
"काय व्हयनं? आरू कोठे शे?"
"आरू झोळीत आहे. बूट."
वर बघितलं त्यांनी. वांदर बुटात हात घालून आत वास घेत होतं. मग कठड्यावर बघितलं. भाकर. शेंगदाणे. मग माझ्याकडे. सगळं समजलं त्यांना. मला खाली जमिनीत जावंसं वाटलं.
"कईपासून?"
"डिसेंबरपासून. दर शनिवारी."
"आन बूट?"
"तीन दिवस."
गोफणीत दगड होता. बूट सुटण्याइतका नेम आहे त्यांचा. लंगडी पण तिथंच खालच्या फांदीवर, पिलू पोटाला. आपणहूनच त्यांनी दगड खाली टाकला अन् ओट्यावर बसले. "खावानं नही त ते फेकी दी. बठ."
बसलो. सासूबाई पण आल्या. वांदरानं दांडी हलवली, चावली. दुसऱ्यानं ओढली. एकानं बूट डोक्यावर धरला. पट्टा चघळला. मग दांडी फांदीला लटकवून दोन पिलं झोके घेत होती. पाऊण तास. मला रडू येत होतं अन् सासूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आरूचे पप्पा म्हणे, "देख, तेस्ले बी नही जमनात ते बूट." मग मी पण. रडता रडता हसले.
शेवटी पडले. केळीच्या चिखलात. उजव्या बुटाचा पट्टा कुरतडलेला.
ते लगेच सायकल काढून एरंडोलला चांभाराकडे गेले. येऊन बूट पुसले, माझ्या हातात दिले. रागावले नाहीत. "नानाले मी सांगसू," एवढंच.
बूट घालताना आरूचा उजवा पाय आत ओढत होता. तीन दिवसात.

१६ फेब्रु.
नानांना सांगून आले. नाना म्हणे, बूट लई गया? परत सांग. तीनदा सांगायला लावलं. काम राह्यलं. वांदरांना दाणा बंद. नवस तुटला तर तुटला.
सासूबाई म्हणे, "नवस मारुतीले बोलनी व्हती का वांदरले?" म्हटलं वांदरीला. "मंग मारुतीले काय ठावं?"

१७ फेब्रु.
आरू रडत होती बुटात. सासूबाई समोर येऊन बसल्या, हात पुढे केले. "दे माले. मी बूट नही काढाव. मी बी देखं झाडवर काय व्हयनं ते. जाय, नहाय जाय."
दिली.
मी मोजून आंघोळ केली. शंभरपर्यंत मोजलं, मग विसरले. बाहेर आले तर सासूबाईंनी दांडीला धरून दोन्ही पाय एकदम वरखाली, वरखाली, सायकलसारखे. आरू हसतेय. बूट पायात.

१९ फेब्रु., बुध.
वही पुढून दाखवली. १४, १५ कोरं. मॅडमनी बोट ठेवलं, "इथं?" खोटं जिभेवर आलं होतं. खरं सांगितलं, वांदराचं पण. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे आले. मग पाय धरून बघितला अन् हसू गेलं. उजवा थोडा कडक झालाय. "बूट सोडू नका, रोज टाच ओढून ताणायची. बघू. येईल."
बघू अन् येईल. दोन्ही म्हणाल्या.

१२ एप्रिल, शनि. हनुमान जयंती
तिघं गेलो, आरू चौथी, बुटासकट. पुजारीबाबांनी दांडीला पण शेंदूर लावला. आरूचे पप्पा किती वेळ डोळे मिटून उभे. वाटेत विचारलं, काय मागितलं?
"माफी मांगी."
"आरूसाठी?"
"वांदरीकरता. आरूना हिशोब त मॅडमकडे शे."
लंगडी आता ओट्यावर येत नाही. दाणा नाही तर कशाला येईल. नदीकडच्या झाडांवर दिसते. बरंय.

७ मे, बुध.
दिवसाचे बूट सुटले. फक्त झोपताना. डावा छान. उजवा अजून "बघू". रोज शंभर वेळा ताणायचा, सासूबाई पन्नास, मी पन्नास.

२० जुलै, रवि.
आरू बसल्या बसल्या सरकते. गुडघ्यावर नाही जात. शेजारच्या काकूंची पोर तिच्याच वयाची, धरून उभी राहते. त्यांनी उगाच आणून दाखवली.
लंगडीचं पिलू बघितलं आज. तोंड काळं झालं. एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारली, चुकली, खालच्या फांदीचा पाला धरून लटकलं. लंगडीनं वळून बघितलं, उठली नाही. ते वर चढलं, परत मारली. लंगडी स्वतः तीन पायावर चालते पण चढताना बघा, चौथा पाय पण धरतो. वाकडाच धरतो. धरतो पण.

१४ सप्टेंबर, रविवार
सकाळी सासूबाईंनी ओटा सारवला. ओला होता. मी आरूला कडेला बाजेजवळ बसवलं अन् चहा बघायला आत गेले. आता मी जाते आत. सासूबाई होत्याच.
"जयू! व जयू! भाईर ये."
बाहेर आले तर आरू उभी. बाजेचा खूर दोन्ही हातांनी धरून, शेणामातीत, पाय फाकून, दांडी नसताना दांडी असल्यासारखे. आरूचे पप्पा बागेच्या वाटेवर होते तिथंच थांबले, कोयता खांद्यावर. मी दहापर्यंत मोजलं. मग ती बदकन बसली अन् आमच्याकडे बघून रागावली.
उचलली तर खाली ठसे. सासूबाई वाकल्या, मी वाकले. आरूचे पप्पा चप्पल काढून आले.
मागच्या पावसाळ्यात ठिबकाच्या चिखलात वांदराचा ठसा बघितला होता, अंगठा बाजूला, हातासारखा. हा तसा नाही. पाच बोटं एका रांगेत, मटाराच्या दाण्यांसारखी. डाव्याची टाच गोल, खोल, पुरी उमटलेली.
उजव्याची अर्धी.
"अर्धी शे," सासूबाई म्हणे.
"अर्धी त शे," आरूचे पप्पा म्हणे.
सासूबाईंनी त्या दोन ठशांवर परात पालथी घातली, कोंबड्यांनी तुडवू नये म्हणून. बुधवारी मॅडमला सांगायचं. सुकल्यावर मोबाइलमधे फोटो काढायचा, उजेडात.
आरू आता परात वाजवतेय. परत उभं राहायचंय तिला, माझा पदर ओढतेय, लिहू देत न